सिटीज स्कायलाइन्स २ : जॅम गेमचा की आपल्या नकाशाचा?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही संदर्भ लागेल. तू तासगावचा, सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. २४ ऑक्टोबर २०२३ ला आलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर वसवायचा गेम मित्राच्या डेस्कटॉपवर काही संध्याकाळी खेळलास. सुरुवातीला भारी वाटलं. लोकसंख्या बारा हजारांच्या पुढं गेली आणि हायवेवरून शहरात शिरतानाच्या पहिल्याच चौकात गाड्यांची रांग लागली, ती काही केल्या हटेना. त्यात गेमही अडखळायला लागला. इंटरनेटवर निम्मे लोक शिव्या घालतायत, निम्मे ‘थांबा, सुधारेल’ म्हणतायत. तुझ्याकडं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. दिवाळीत गेम घ्यावा का, चूक गेमची की तुझी, आणि यातून टाउन प्लॅनिंगचं काही शिकता येईल का, असं तू विचारलंयस. काका म्हणालायस, म्हणून अरेतुरे करतोय.

मी सांगलीत लेआउटची कामं करतो. मोजणीचा नकाशा घ्यायचा, त्यावर रस्ते, ओपन स्पेस आणि प्लॉट बसवायचे, मग मंजुरीसाठी खेटे घालायचे. सिमसिटी २००० पासून या जातीचे गेम खेळत आलोय. त्यामुळं खाली जे लिहितोय ते गेम खेळणाऱ्याचंही आहे आणि रस्ते आखून पोट भरणाऱ्याचंही. कुठं एक संपतं नि दुसरं सुरू होतं, ते मलाही कधीकधी कळत नाही.

तुझ्या सगळ्या प्रश्नांच्या बुडाशी एकच प्रश्न आहे: अशा गेमबद्दल मत बनवायचं कधी? शहर वसवायच्या कुठल्याही गेमचे पहिले दोन तास गोडच असतात. जमीन मोकळी, हातात पैसा, काढशील तो रस्ता सरळ. चुकीचं काही केलंस तरी त्याचा हिशेब मागायला अजून कुणी राहायला आलेलं नसतं. गेमची खरी परीक्षा होते ती आपणच आखलेला रस्ता मोडायची पहिल्यांदा वेळ येते तेव्हा. त्या वेळी गेमनं तुला तीन गोष्टी द्यायला हव्यात: बिघाड कुठं आहे ते दिसलं पाहिजे, दुरुस्त करायला हत्यारं पाहिजेत आणि दुरुस्तीची किंमत मोजावी लागली पाहिजे. माझं मत मी तोवर राखून ठेवतो. गंमत अशी, की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम परत करायचा तर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून करावा लागतो. म्हणजे या प्रकारच्या गेममध्ये जे दोन तास सगळ्यात फसवे, नेमक्या त्याच दोन तासांत ठरवायचं.

आधी मशीनचं बोलू, ते लवकर आटपतं. कंपनीनं किमान म्हणून जीटीएक्स ९७० आणि ८ जीबी रॅम सांगितलीय. शिफारस आहे ती आरटीएक्स ३०८० आणि १६ जीबीची. तुझं कार्ड त्या किमान रेषेच्या आसपास, जरा खालीच. गेम यायच्या आधीच बनवणाऱ्यांनी जाहीर सांगितलं होतं, की कामगिरीचं ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलेलं नाही. तेव्हा हा बोभाटा अगदीच खोटा नाही. कारण बऱ्यापैकी कळलेलं आहे. लांबून बघताना जी वस्तू साध्या ठोकळ्यासारखी काढली तरी चालते, ती इथं गेम आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी पूर्ण बारकाव्यानिशी काढली जात होती. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांच्या तोंडातले दातसुद्धा वेगवेगळे काढलेले सापडले, त्यावर जगभर हसून झालंय. जे दात कुणाला कधी दिसणार नाहीत, त्यांच्यासाठी कार्डाला घाम फुटायचा.

पण अडखळणं दोन प्रकारचं असतं आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. एकात चित्र अडखळतं, दुसऱ्यात काळ. ओळखायचं असं: गेम पॉज कर आणि कॅमेरा शहरावरून फिरव. पॉज असतानाही चित्र धक्के खात असेल तर ओझं ग्राफिक्स कार्डावर आहे. कॅमेरा लोण्यासारखा फिरतोय, पण वेग सगळ्यात जास्त ठेवूनही घड्याळ रेंगाळतंय, तर प्रोसेसर दमलाय. त्याला हजारो माणसांचे रोजचे रस्ते शोधावे लागतात आणि शहर वाढेल तसं ते काम वाढतच जाणार. पहिल्यावर इलाज आहे. डेप्थ ऑफ फील्ड बंद कर, ढग-धुक्याचं व्हॉल्युमेट्रिक बंद कर, ग्लोबल इल्युमिनेशन खाली आण, सावल्या कमी कर, रिझोल्यूशन १०८० च्या वर नेऊ नको. दुसऱ्यावर सेटिंगमध्ये फारसा इलाज नाही. शहर लहान ठेवणं एवढंच. मित्राच्या डेस्कटॉपवर कोणतं अडखळलं, ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून दोन्ही सांगितलं. लॅपटॉपचं तर ते तापतो किती यावरही ठरतं. एकाच कार्डाचे दोन लॅपटॉप वेगळे वागतात.

आता तो चौक. इथं जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचा गाभा तोच.

तू चित्र पाठवलेलं नाहीस, पण नव्या खेळाडूचा पहिला नकाशा साधारण ठरलेला असतो. हायवेचे दोन फाटे उतरतात, एका रस्त्याला मिळतात, तो रस्ता पन्नास-शंभर मीटरवर एका मोठ्या चौकात येतो, आणि त्या चौकापासून चारी बाजूंना चौकोनी जाळं. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला घरं, मध्ये दुकानं. दिसायला छान. पण हिशेब कर. कारखान्याचा कच्चा माल बाहेरून येतो, तयार माल बाहेर जातो, दुकानांचा माल येतो, राहायला येणारी नवी कुटुंबं येतात, आणि हे सगळं त्या एका चौकातून. पाच हजार वस्ती असताना ते खपून जातं. बारा हजारांना खपत नाही.

जाळ्याचं माप बघ. गेममध्ये रस्त्याच्या कडेला जे चौकोन दिसतात, तो एकेक चौकोन आठ मीटर बाजूचा. म्हणजे चौसष्ट चौरस मीटर. आपल्या गुंठ्याच्या दोन तृतीयांशाहून जरा कमी. रस्त्यापासून आत सहा चौकोनांपर्यंत बांधकाम होतं. पाठीला पाठ लावून दोन रांगा बसवल्या की बारा चौकोन, म्हणजे शहाण्णव मीटर. एकही चौकोन वाया जाऊ नये म्हणून जवळजवळ प्रत्येक जण याच अंतरावर पुढचा रस्ता काढतो. आता लाल सिग्नलला थांबलेली रांग मोज. गाडी आणि तिच्या पुढची मोकळी जागा मिळून सात मीटर धरू, ट्रकला चौदा. दहा गाड्यांचे सत्तर आणि तीन ट्रकचे बेचाळीस, झाले एकशेबारा. म्हणजे एका लेनमध्ये दहा गाड्या आणि तीन ट्रक थांबले की रांगेचं शेपूट मागच्या चौकात शिरलं. तिथं आडव्या जाणाऱ्या गाड्या अडल्या, त्यांची रांग त्यांच्या मागच्या चौकात, आणि असं करत जॅम हायवेपर्यंत जातो. रस्ता सहा लेनचा केलास तरी तो सुटत नाही, कारण अडचण रुंदीची नाहीच, दोन चौकांमधल्या अंतराची आहे.

खऱ्या लेआउटमध्ये आम्ही याच कारणासाठी डीपी रस्त्यावर (शहराच्या विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्यावर) तोंडं कमीत कमी उघडतो. आतले नऊ मीटरचे रस्ते आधी एका बारा किंवा पंधरा मीटरच्या रस्त्याला मिळवायचे, आणि तो एकच रस्ता मोठ्या रस्त्याला जोडायचा. नियमावलीही रस्ता जितका लांब तितकी रुंदी जास्त मागते, त्यामागं हाच विचार. प्लॉटधारकाला मात्र मेन रोडला तोंड हवं असतं, बिल्डरला भाव हवा असतो, म्हणून प्रत्येक लेआउटला यावरून भांडण. सांगलीत संध्याकाळी सातच्या सुमाराला शंभर फुटी रस्त्यावर दहा मिनिटं उभा राहा. रुंदीला तोटा नाही. पण जवळजवळ प्रत्येक दुकानासमोर कुणीतरी थांबतंय, कुणी वळतंय, कुणी मागं घेतंय, आणि तेवढा मोठा रस्ता मधल्या पट्ट्यापुरता उरतो.

तेव्हा मोडताना या क्रमानं मोड. आधी ट्रॅफिकचा रंगीत नकाशा लाव, गेम पॉज कर आणि लाल रंग कुठून सुरू होतो ते शोध. रांगेचं शेपूट बघू नको, तोंड बघ. तिथल्या पाच-सहा गाड्यांवर क्लिक करून त्या कुठं चालल्यात ते वाच. निम्म्याहून जास्त ट्रक निघाले, तर कारखान्यांच्या भागाला हायवेशी जोडणारा स्वतंत्र रस्ता काढ. तेवढ्यानंच बहुतेकांचा जॅम निम्मा उतरतो. मग हायवे आणि पहिला चौक यांतलं अंतर वाढव, निदान तीन-चार ब्लॉक तरी. मधली आडवी तोंडं बंद कर. वाहतूक डाव्या बाजूची हवी की उजव्या, हे नवा नकाशा सुरू करतानाच गेम विचारतो. आपली डावी घे, म्हणजे रोजच्या रस्त्यावरचं तुझं शहाणपण तिथं उपयोगी पडेल. त्यात अडवणारं वळण उजवं. ते ज्या चौकात नको तिथं बंद करायची सोय गेममध्येच आहे, त्यासाठी मॉड (खेळणाऱ्यांनी केलेली जोडणी) लागत नाही. गोल चक्करही तयार मिळतं, चौकावर ठेवलं की झालं. पण चारी बाजूंनी साधारण सारखी वाहतूक असेल तिथंच ते चालतं. एका बाजूनं ट्रकांची अखंड रांग येत असेल, तर बाकीचे तीन रस्ते चक्करच्या तोंडाशी ताटकळतात.

एवढं करूनही जे उरेल ते गेमच्या खात्यावर लिही, कारण गेमचं खातंही रिकामं नाही. रस्ताभर बाहेरच्या लेननं येऊन ऐन चौकात तीन लेन आडव्या कापून वळणाऱ्या गाड्या तू पाहिल्या असशील. मध्येच यू-टर्न घेणाऱ्याही. ही गेमची चूक आहे आणि लोक ओरडतायत ते बरोबर आहे. (सांगली-मिरज रोडवर गाडी चालवणाऱ्याला ती चूक म्हणून ओळखायला वेळ लागतो, ही वेगळी गोष्ट.)

तरी या बाबतीत मला गेम आवडलाय, तेही सांगतो. २०१५ च्या पहिल्या भागात सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये रांग लावायच्या, शेजारच्या दोन लेन रिकाम्या, आणि फार वेळ अडकलेली गाडी चक्क गायब व्हायची. इथं माणूस रस्ता निवडताना वेळ, पैसा आणि सोय यांचा विचार करतो, आणि पार्किंग मिळेल का हेही बघतो. आमच्या धंद्यात पार्किंग हा विषय इतका मोठा आहे, की तो गेममध्ये आल्याचं मला विशेष वाटलं. २०१३ च्या सिमसिटीच्या डिझायनरनं सांगितलं होतं, की पार्किंगची खरी जागा दाखवली तर शहर कंटाळवाणं दिसतं, म्हणून त्यांनी ती जमिनीखाली आहे असं मानून टाकलं. मंजुरीच्या नकाशात आम्हाला तसं मानता येत नाही. स्कायलाइन्स २ मध्ये दुकानांची रांग लावलीस आणि पार्किंग दिलं नाहीस, तर गाड्या जागा शोधत फिरताना दिसतात, आणि ती फिरणारी गाडीही तुझ्या जॅममध्ये भर घालते.

म्हणजे बिघाड दिसतो, हत्यारंही आहेत. तिसऱ्या गोष्टीत, किमतीत, हा गेम मला पांगळा वाटतो.

बजेटचंच बघ. २०२३ मध्ये गेम आला तेव्हा उत्पन्नात सरकारी अनुदानाची एक ओळ होती. तोटा झाला की ती सावरून धरायची. शिवाय दर टप्पा गाठला की रोख रक्कम हातात पडायची. त्यामुळं शहर तोट्यात असतानाही तिजोरी भरलेली दिसायची, आणि खेळणाऱ्याला वाटायचं आपलं बरं चाललंय. बुडणं जवळजवळ अशक्य होतं. नव्या माणसाला धीर यावा म्हणून हे केलं असेल, पण त्यानं प्रत्येक निर्णय स्वस्त व्हायचा. चुकीच्या जागी काढलेला रस्ता, गरज नसताना बांधलेलं कॉलेज, कशाचाच चटका बसायचा नाही. हे आकड्यांचं काम, पॅचमधून (गेम आल्यानंतरच्या दुरुस्तीतून) बदलता येण्यासारखं, आणि २०२४ च्या पॅचनं ते अनुदान काढूनही टाकलं.

पाडापाडी तर त्याहून स्वस्त. चाळीस घरांवरून बुलडोझर फिरव, कुणी ब्र काढत नाही. आपल्याकडं एका चौकाचा कोपरा चार मीटर आत घ्यायचा म्हटलं तर नोटीस, हरकती, सुनावणी, मोबदला, आणि एखादा कोर्टात गेला की तू डिप्लोमाचा डिग्रीवाला होशील तोवर कोपरा आहे तिथंच असेल. गेममध्ये जमिनीला मालकच नाही. आधी रस्ता येतो, त्याच्या कडेला आखीव चौकोन उगवतात, त्यात घरं येतात. सांगली-मिरज-कुपवाडच्या गुंठेवारीत याच्या नेमकं उलटं झालं. शेताचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकले गेले, घरं उभी राहिली, आणि रस्ता म्हणजे सगळ्यांनी बांधून झाल्यावर मध्ये जी पट्टी उरली ती. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं त्यातली बरीच घरं नियमित करता आली, पण पंधरा फुटांची गल्ली कागदानं तीस फुटांची होत नसते. हे सगळं गेममध्ये यावं असं मी म्हणत नाही. आलं तर संध्याकाळीही ऑफिसात बसल्यासारखं होईल. पण शिकण्याच्या दृष्टीनं विचारतोयस, म्हणून काय वगळलंय ते माहीत असू दे.

पाण्याचंही तसंच. या भागात पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन रस्त्याबरोबरच येते, वेगळी टाकत बसावी लागत नाही. चांगला बदल आहे. नदीतून पाणी उचलायचं ते वरच्या बाजूला, मैला सोडायचा तो खालच्या बाजूला, हा पहिला धडा गेम लगेच शिकवतो. उलटं केलंस तर लोक आजारी पडतात. आपल्याकडं कृष्णेत सांडपाणी आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न किती वर्षं ऐकतोय, त्यामुळं सांगलीकराला तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही. पण गेमच्या पाइपला उतार लागत नाही! टेकडीवर चढव, खाली उतरव, पाणी आपोआप पोचतं. सांगलीत नेमकं तिथंच सगळं अडतं. जमीन इतकी सपाट आणि काळी, की शामरावनगरसारख्या भागात पावसाचं पाणी जाणार तरी कुठं, हेच ठरवावं लागतं. तिथं काम करताना आधी लेव्हल घ्यायची आणि नंतर रस्त्याची आखणी. गेम तुला याच्या उलट सवय लावेल.

नदीकाठाचा तर गेममध्ये फायदाच फायदा. पाण्याजवळ जमीन देखणी, वस्ती खुशीत. पूररेषा नावाची चीजच नाही. आमच्याकडं नदीजवळचा कुठलाही नकाशा हातात आला की पहिलं काम निळी आणि लाल रेषा बघणं. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची नव्याण्णव वर्षं निवांत, असा घ्यायचा नसतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. तुला शिकायचंच असेल तर नवा नकाशा सुरू करताना नदीच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या दोन रेषा ठरव आणि आतल्या रेषेच्या आत घर बांधायचं नाही, फक्त बाग आणि मैदान, असा नेम पाळ. जागा किती कमी पडते आणि मोह किती होतो, ते बघ. या गेममधून टाउन प्लॅनिंगचा याहून चांगला धडा मला तरी काढता आलेला नाही.

म्हणजे शिकायला मिळेल का, तर हो, पण अर्धंच. एका निर्णयाचे परिणाम तीन चौक सोडून कसे दिसतात, हे कागदावर कळत नाही, ते इथं डोळ्यांसमोर घडतं. सिव्हिलच्या मुलाला मी एवढ्यासाठी तरी हा गेम खेळायला सांगेन. जमिनीची मालकी, उतार आणि पूर मात्र बाहेर पडूनच शिकायचं. तू तासगावचा आहेस, तुझ्याकडं तर आयती शाळा आहे. बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डाच्या गेटपाशी तासभर वही घेऊन बस. दर पंधरा मिनिटांना दुचाकी, चारचाकी, टेम्पो आणि ट्रक वेगवेगळे मोज. ट्रक म्हणजे साधारण तीन गाड्या असं धर. गेटपासून मागं रांग किती लांब जाते आणि ती कुठल्या गल्लीचं तोंड बंद करते, ते रेखाटून ठेव. मग तेच तुझ्या गेममधल्या चौकाशी ताडून बघ. साताऱ्याला कधी गेलास तर पोवई नाक्याखालचा ग्रेड सेपरेटरही बघून ये. चौक एका पातळीवर सुटत नाही तेव्हा काय करावं लागतं, ते तिथं चालून कळतं. तो २०२१ च्या सुरुवातीला खुला झाला. गेममध्ये तसा बोगदा पाच मिनिटांत होतो. खाली जुन्या पाइपलाइनी आणि केबली आहेत का, हे तिथं कुणी विचारत नाही.

राहिलं घेण्याचं. आत्ता, या लॅपटॉपसाठी, पूर्ण किंमत देऊन घेऊ नको. पॅचनं गेम आणखी सुधारेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर दिवाळीचे पैसे घालायला मी सांगणार नाही. २०२३ मध्ये तो आला तेव्हा मॉड नव्हते, सायकली नव्हत्या, इमारती सगळ्या युरोप-अमेरिकेच्या धाटणीच्या होत्या. अगदीच राहवत नसेल तर पीसीच्या गेम पासमध्ये (दरमहा पैसे भरून गेम खेळायची सोय) हा पहिल्या दिवसापासून होता, अजून आहे का बघ. असेल तर एक महिन्याचा पास घे, तीस हजार वस्तीपर्यंत जा आणि एक चौक मुळापासून मोडून नव्यानं बांध. ती मोडतोड करताना रात्रीचे दोन कधी वाजले कळलं नाही, तर गेम तुझ्यासाठी आहे, मग विकत घ्यायला मोकळा. पहिल्या जॅमलाच वैतागून नवीन शहर सुरू केलंस, तर पैसे वाचले.

मला विचारशील तर या सुट्टीत पहिला भाग खेळ. सेलमध्ये तो अगदी स्वस्तात मिळतो, तुझ्या लॅपटॉपवर बरा चालेल, आणि २०१५ पासून लोकांनी त्यासाठी इतके मॉड केलेत की वाहतुकीच्या प्रत्येक लेनवर तुझा ताबा राहतो. चौक, अंतर आणि रांग यांचं जे वर लिहिलंय, ते त्यालाही लागू आहे. फक्त तिथं रस्त्यापासून आत चारच चौकोन बांधकाम होतं, म्हणून पाठीला पाठ लावलेला ब्लॉक चौसष्ट मीटरचा होईल आणि रांग आणखी लवकर मागच्या चौकात शिरेल. तेवढं धरून आख.

रॅम मात्र कुठलाही गेम घेतलास तरी १६ करून घे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ऑटोकॅड आणि ब्राउझर एकत्र उघडे ठेवायचे म्हटलं तरी ती लागणारच आहे, आणि घरी मागताना कारणही चांगलं आहे.